गोळी टाळायची म्हणून प्रोटीन पावडर?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातले एक वाचक लिहितात. वय ४७, वजन ७८ किलो, उंची पाच फूट सहा इंच, काम दिवसभर बसून. वडिलांची ५८व्या वर्षी बायपास झाली. ऑफिसच्या तपासणीत यांचा रक्तदाब १४६/९२ निघाला, तीन आठवड्यांनी पुन्हा १४४/९०. खाण्यापिण्याचं, चालण्याचं सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, कमी ताकदीची एक गोळी सुरू करू. "एकदा गोळी लागली की सुटत नाही" या धास्तीने यांनी थोडी मुदत मागून घेतली आणि जिम लावली. तिथल्या ट्रेनरने प्रोटीनचा डबा हातात दिला. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला: व्हे प्रोटीनने (दुधातलं एक प्रथिन) रक्तवाहिन्या लवचिक होतात, रक्तदाब उतरतो, काम अगदी बीपीच्या गोळीसारखंच. पत्नीचं म्हणणं नेमकं उलट: पावडरीने रक्तवाहिन्या चोंदतात, किडनी जाते, जिममध्ये कोसळलेल्या पोरांच्या बातम्या वाचत नाही का? तिने डबा तांदळाच्या पिंपामागे टाकलाय. यांचा प्रश्न: "तीन महिने पावडर घेऊन गोळी टळेल का? आणि पत्नी म्हणते तसा धोका आहे का?" सोबत डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो, रोजच्या जेवणाची यादी आणि जिमहून आल्या आल्या घरच्या मशीनवर मोजलेले आकडे. शेवटी कंसात एक ओळ: "तंबाखू थोडी, सवयीपुरती."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही". दुसऱ्याचं "बहुतेक नाही". मात्र त्या डब्यात काळजी करण्यासारखं काही आहे, आणि ते तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलंय.

फोटो मोठा करून पाहिला. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं आहे. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात; जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मका किंवा तांदळासारख्या स्टार्चपासून केलेली पावडर. पोटात गेली की झटपट ग्लुकोज होऊन रक्तात उतरते. व्हेचं नाव यादीत चौथं. खालच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रोटीन २० ग्रॅम आणि कार्बोहायड्रेट ७२ ग्रॅम. एका वेळचा डोस दोन स्कूप, म्हणजे ७५ ग्रॅम. हिशेब करा: एका ग्लासात १५ ग्रॅम प्रोटीन आणि त्यासोबत ५४ ग्रॅम स्टार्च-साखर. कॅलरी पावणेतीनशेच्या वर.

याला बाजारात "मास गेनर" म्हणतात. काही केल्या वजन वाढत नाही अशा काटकुळ्या पोरांसाठी ही चीज बनवलेली असते. पाच फूट सहा इंचाला ७८ किलो, पोट सुटलेलं, रक्तदाब वाढलेला, अशा माणसाच्या हातात हा डबा देणाऱ्या ट्रेनरला मी दोन शब्द ऐकवले असते. तो बहुधा सगळ्यांना एकच डबा देतो.

आता मुलाने पाठवलेल्या मजकुराकडे वळू. तो सगळा खोटा नाही, म्हणून तर पंचाईत आहे.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. दूध फाटलं की जे घट्ट होतं त्यात केसीन जातं. चीज करताना जे हिरवट-पिवळं पाणी सुटतं त्यात व्हे उरतं. ते पाणी गाळून, आटवून, वाळवून पावडर करतात. (एका वाचकबाईंनी मागे विचारलं होतं, श्रीखंडाचा चक्का टांगल्यावर खाली ठिबकणारं पाणी प्यायलं तर पावडर विकत घ्यायला नको ना? प्या, कणीक भिजवा, आमटीत घाला, वाया घालवू नका. पण त्यात १०० मिलिलिटरमागे एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं. पावडर ही त्या पाण्याची फार मोठी आटवणूक आहे.)

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर असतं, एंडोथेलियम. रक्ताचा जोर वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि वाहिनी सैल होते. हा शोध इतका मोलाचा ठरला की १९९८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना त्यासाठी मिळालं. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी हे अस्तर आधी बिघडतं. ब्लॉकेज दिसायला पुढे कितीतरी वर्षं जातात. अस्तर कसं काम करतंय हे पाहायची एक चाचणी आहे. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्तप्रवाह अडवायचा, मग सोडायचा, आणि दंडातली धमनी किती फुगते ते सोनोग्राफीने मोजायचं. निरोगी माणसाची धमनी छान फुगते, बिघडलेली ढिम्म राहते.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच चाचणी वापरली होती. रक्तदाब सीमारेषेवर किंवा किंचित वर असलेल्या माणसांना आठ आठवडे रोज ५६ ग्रॅम व्हे दिलं, दोन वेळा विभागून. त्याच माणसांना वेगळ्या आठ-आठ आठवड्यांत तेवढंच केसीन आणि तेवढंच माल्टोडेक्स्ट्रिन दिलं. प्रयोग पूर्ण करणारे ३८ जण होते. चोवीस तास अंगावर मशीन लावून रक्तदाब मोजला, तेव्हा माल्टोडेक्स्ट्रिनच्या तुलनेत व्हे घेताना वरचा आकडा सरासरी ३.९ने आणि खालचा २.५ने कमी भरला. धमनीचं फुगणंही सुधारलं. ते केसीननेही सुधारलं, व्हेने जरा जास्त. त्याआधी २०१०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे जादा वजनाच्या लोकांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला होता. त्यातही रोज ५४ ग्रॅम व्हेने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलमध्ये थोडा फायदा दिसला. तिथे तुलना ग्लुकोजशी होती.

आता दोन्ही प्रयोगांत व्हेच्या समोर कोण उभं होतं ते बघा. एकीकडे माल्टोडेक्स्ट्रिन, दुसरीकडे ग्लुकोज. म्हणजे खरा निष्कर्ष असा निघतो, की झटपट साखर होणाऱ्या कॅलरींची जागा दुधाच्या प्रथिनाने घेतली तर रक्तवाहिन्यांना थोडं बरं वाटतं. आणि व्हे ज्याच्यापेक्षा सरस ठरलं ते माल्टोडेक्स्ट्रिनच तुमच्या डब्यातला मुख्य माल आहे! मुलाने पाठवलेला मजकूर खरा मानला, तरी तो तुमच्या डब्याला लागू होत नाही.

दुसरी गोष्ट आकड्याच्या आकाराची. ३.९ हा आकडा लाखो लोकांच्या सरासरीत मोलाचा आहे, हे मान्य. पण रक्तदाबाची एक साधी गोळी, नेहमीच्या डोसात, वरचा आकडा सरासरी ९च्या आसपास उतरवते. मोठमोठे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलंय की वरचा आकडा १०ने उतरला तर हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने घटतात. गोळ्यांच्या अभ्यासांत हार्ट अटॅक आणि मृत्यू मोजलेत, हजारो माणसांमध्ये, वर्षानुवर्षं. व्हेच्या ज्या प्रयोगांबद्दल मी वर लिहिलं ते आठ आणि बारा आठवड्यांचे. रक्तदाब किती उतरला, धमनी किती फुगली एवढंच तिथे कळतं.

"गोळीसारखंच काम" हे कुठून आलं, तेही सांगते. आपल्या शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम असतं. ते रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करतं. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या त्याला रोखतात. या जातीचं पहिलं औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातल्या पेप्टाइडांचा (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा) माग काढत तयार झालं. व्हे पचताना प्रथिनाचे जे बारीक तुकडे पडतात, त्यांतले काही प्रयोगशाळेत याच एन्झाइमला थोपवताना दिसतात. म्हणून कुणीतरी लिहिलं, व्हे म्हणजे नैसर्गिक बीपीची गोळी. पण काचेच्या नळीतला तुकडा तुमच्या आतड्यातून धड रक्तात किती पोहोचतो, हा वेगळाच मामला. गोळीत पाच मिलिग्रॅम म्हणजे पाच मिलिग्रॅम. स्कूपात असे किती तुकडे निघतील हे डबा भरणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

तुमची खरी अडचण मला गोळीच्या धास्तीत दिसते. "एकदा लागली की सुटत नाही" हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर येतं. सुटत नाही हे पुष्कळदा खरं असतं, पण सवय लागते म्हणून नव्हे. रक्तदाब वाढवणारी कारणं, म्हणजे वय, आनुवंशिकता, वजन, मीठ, जागच्या जागी असतात. गोळी बंद केली की आकडा परत आपल्या जागी जातो. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधुक दिसलं तर आपण चष्म्याला बोल लावत नाही. आणि काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते, जेव्हा वजन, मीठ आणि तंबाखू खरोखर आटोक्यात येतात. म्हणजे गोळी सुरू केल्याने पुढचा रस्ता बंद होत नाही. उलट दोन-तीन वर्षं "बघू, बघू" करत १४५चा दाब सोसलेल्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात, आणि तो ताठरपणा पुढे सहजी निघत नाही. वडिलांची बायपास ५८व्या वर्षी झाली. तुम्ही ४७चे आहात. हातात वेळ आहे, तो पावडरीची परीक्षा घेण्यात घालवू नका.

तुमच्या डॉक्टरांनी घाई केली असंही मला वाटत नाही. दोन वेगवेगळ्या भेटींत १४०/९०च्या वर आकडा आलाय, घरात हृदयविकार आहे, वजन जास्त आहे. तरी त्यांचा निर्णय आणखी पक्का करायला तुम्ही मदत करू शकता: घरचे आकडे नीट मोजून न्या. सध्याचे आकडे मात्र कामाचे नाहीत. जिमहून आल्या आल्या, जिना चढून, घामेजल्या शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब १३२ काय आणि १५८ काय, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

असं करा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि तंबाखूच्या आधी, पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही नको, मोबाइल नको, कुणाशी बोलणं नको. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. दंड उघडा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो वाढलेला रक्तदाब समजतात. दवाखान्याच्या १४०/९०पेक्षा घरची रेषा थोडी खाली असते. तुमचा दंड जाड असेल तर मशीनसोबत आलेला पट्टा पुरतो का तेही बघा. पट्टा लहान पडला की आकडा उगाच वर दाखवतो.

आता वहिनींच्या धास्तीबद्दल. प्रोटीन पावडरीने रक्तवाहिन्या चोंदतात असं माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही. तरी शंका अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत २०२०मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात, अति प्रोटीनच्या आहाराने धमन्यांतले थर वाढल्याचं दिसलं. त्याच गटाने २०२४मध्ये त्याचा संबंध ल्युसीन या अमिनो आम्लाशी जोडला, आणि व्हेमध्ये ल्युसीन भरपूर असतं. त्यांनी धोक्याची खूण घातली ती एकूण कॅलरींच्या २२ टक्क्यांहून जास्त प्रोटीनवर. दोन हजार कॅलरींच्या जेवणात हे ११० ग्रॅम होतात. तुमच्या यादीवरून मी हिशेब केला: पोहे, तीन पोळ्या, पातळ आमटी-भात, संध्याकाळी चहासोबत भडंग नाहीतर खारी, रात्री दोन भाकऱ्या, भाजी, पुन्हा आमटी-भात. ओढूनताणून ४५ ते ५० ग्रॅम. मटणाच्या दिवशी जरा जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ७८ किलोला ६५ ग्रॅम. तुम्ही धोक्याच्या रेषेपासून मैलभर लांब आहात. तुमची तर गरजच भागत नाहीये.

किडनीचं म्हणाल तर, निरोगी किडनीला बेताच्या प्रोटीनचा त्रास होतो असं दिसत नाही. आधीच कमी काम करणाऱ्या किडनीची गोष्ट वेगळी. आणि वाढलेला रक्तदाब किडनी गुपचूप खराब करतो, त्यामुळे तुमची किडनी निरोगी आहे हे गृहीत धरता येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. जिममध्ये कुणी क्रिएटिन (ताकद वाढवायला घेतात ती पावडर) पण देत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्याने क्रिएटिनिनचा आकडा किडनी ठीक असतानाही चढलेला दिसू शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शनात, शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेऊ नका, असं सरळ म्हटलंय आणि दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास किडनी आणि हाडांना धोका सांगितलाय. मी स्वतः इतकी कडक भूमिका घेत नाही. भूक मेलेल्या आजीला, शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला स्कूपभर पावडर मी आनंदाने देते. पण धडधाकट, दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या माणसाने आधी ताटात बघावं, या त्यांच्या सांगण्याशी मी सहमत आहे.

वहिनींनी आणखी एक मुद्दा मांडायला हवा होता, तो मीच मांडते. डब्यावर छापलंय तेच आत असतं याची खात्री नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने तपासल्या गेल्या. त्याचा अहवाल २०२४मध्ये आला. त्यांपैकी २५ डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती. काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले.

जिममध्ये कोसळणाऱ्यांच्या बातम्यांत आरोपी बहुधा प्रोटीनचा डबा नसतो. आधीपासून असलेलं आणि कधीच न तपासलेलं ब्लॉकेज, सवय नसताना एकदम उचललेलं वजन, कधी स्टेरॉइड, कधी भरपूर कॅफीनची "प्री-वर्कआउट" पुडी, असं काहीबाही एकत्र येतं. ती पुडी तुम्ही घेऊ नका, रक्तदाब वर असताना तर नकोच. आणि श्वास कोंडून वजन ढकलू नका. १९८५च्या एका कॅनेडियन अभ्यासात कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांनी जड लेग प्रेस मारताना रक्तदाबाची सरासरी ३२०/२५० भरली. तरुण, तालमीतल्या रक्तवाहिन्यांनी ते क्षणभर पेललं. वजन हलकं ठेवा, आवर्तनं जास्त करा, जोर लावताना श्वास सोडा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, दोन वाक्यं बोलता येतील पण गाणं म्हणता येणार नाही इतपत झपझप चाला. जड व्यायामाच्या आधी ईसीजी आणि गरज वाटल्यास ट्रेडमिलची चाचणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी हिरवा कंदील दिला की भिंतीला पाठ लावून, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचा व्यायाम करून बघा: दोन मिनिटं बसायचं, मग विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. २०२३मध्ये २७० प्रयोग एकत्र तपासले, त्यात अशा स्थिर व्यायामांनी वरचा आकडा सरासरी ८ने उतरलेला दिसला. व्हेच्या दुप्पट झाला, आणि भिंत फुकट आहे.

आता त्या कंसाकडे येते. दोन पानांच्या पत्रात पावडरीवर दीड पान, आणि तंबाखूवर कंसातले तीन शब्द. रक्तवाहिन्यांच्या अस्तराची एवढी काळजी करणारा माणूस चुना मळून बार भरतो, हे मला जरा गमतीचं वाटलं. रागावू नका. ओढली नाही, गालात धरली, तरी निकोटीन रक्तात जातंच. तेवढ्या वेळापुरती नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. "सवयीपुरती" म्हणजे किती, ते एका आठवड्यात कागदावर मांडा. सुटत नसेल तर त्यात लाज कसली. निकोटीनचं च्युइंगम आणि औषधं आहेत, सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत सल्ल्याची हेल्पलाइन आहे. तुमच्या वयात, तुमच्या घराण्यात, रक्तवाहिन्यांसाठी याहून मोठं काम दुसरं नाही.

त्याखालोखाल मीठ. भडंग, खारी, लोणचं, पापड, ठेचा, ही यादी तुमच्याच पत्रातली आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. सांगलीच्या माणसाला भडंग सोड म्हणायची माझी छाती नाही. रोजचं रविवारवर आणा, आणि ताटातलं वरून घ्यायचं मीठ बंद करा. वजन किलोभर उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, असा ढोबळ हिशेब आहे. पाच-सहा किलो गेले तर व्हेच्या वरताण काम झालं.

मग प्रोटीन? ते तुम्हाला हवंच आहे, १५-२० ग्रॅम कमी पडतंय. संध्याकाळची जागा यासाठी आयती आहे. खारी-भडंगाऐवजी दोन उकडलेली अंडी खाल्लीत की १२ ग्रॅम झालं. अंडी नकोत तर मूठभर, ३० ग्रॅम फुटाणे (खारे नव्हेत) आणि पेलाभर दूध, तेही दहा-बारा ग्रॅमपर्यंत जातं. आमटी पातळ करता ती घट्ट करा, किंवा रात्रीच्या भाताच्या जागी मटकीची, मसूरची उसळ वाटीभर जादा घ्या. हे करताना तुम्ही नकळत प्रयोगातलीच अदलाबदल करताय: मैदा-तांदळाच्या जागी प्रथिन.

एवढं करूनही व्हे घ्यायचंच असेल, तर माझी हरकत नाही, पण अटी आहेत. किडनीची तपासणी आधी. दिवसाला एकच स्कूप, २० ते २५ ग्रॅम प्रोटीनचा, आणि तो जेवणावर वरकड म्हणून नको, संध्याकाळच्या खाण्याच्या जागी. यादीतलं पहिलं नाव व्हे कॉन्सन्ट्रेट किंवा त्याहून जास्त गाळलेलं आयसोलेट असावं. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन ७०-८०च्या घरात असावं. दूध पचत नसेल, पोट गुडगुडत असेल तर आयसोलेट बरं, त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं. यादीत ग्लायसीन, टॉरीन अशी सुटी अमिनो आम्लं दिसली तर डबा ठेवून द्या. प्रोटीनचा आकडा फुगवायची ती स्वस्त युक्ती असते. एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि सील बघा. सुट्या पिशवीतून तोलून दिलेली पावडर घेऊ नका, ट्रेनर कितीही विश्वासातला असो. हेच नियम इतर वाचकांनाही. मात्र ज्यांची किडनी कमजोर आहे, किंवा जे पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. प्रोटीनमुळे लेव्होडोपा नीट शोषली जात नाही.

मुलाला रागावू नका. बापाची काळजी वाटली म्हणून त्याने ते पाठवलं. त्याला आता खरं काम द्या: सात दिवसांचे आकडे फोनवर मागवून सरासरी काढायचं. वहिनींचं मात्र मला जास्त मनावर घ्यावंसं वाटतं. सासऱ्यांच्या बायपासनंतर त्यांची उठबस त्यांनीच केली, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. त्यांचं भांडण पावडरीशी आहे असं मला वाटत नाही. डॉक्टरांनी गोळी सांगितली हे तुम्ही त्यांना अजून सांगितलेलंच नाही, हेही पत्रातच आहे! ते आधी सांगा, आज रात्रीच.

आणि पुढच्या भेटीला दोघं मिळून जा. सोबत सात दिवसांची वही, कोलेस्टेरॉल, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन यांचे रिपोर्ट. वडिलांचा इतिहास पाहता लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा, आनुवंशिकतेने ठरणारा एक कण) ही आयुष्यात एकदा करायची तपासणी आपल्याला हवी का, हेही विचारा. सरासरी १३५/८५च्या वर निघाली तर गोळी घ्या, आणि तंबाखू, मीठ, वजन यांवर सहा महिने मन लावून काम करून मगच डोस कमी करायचा विषय काढा. मनाने बंद करू नका. मधल्या काळात चालताना किंवा व्यायाम करताना छातीत आवळल्यासारखं झालं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दम लागला, किंवा आकडा १८०/१२०च्या वर जाऊन डोकं ठणकायला, डोळ्यांपुढे अंधारायला, बोलणं अडखळायला लागलं, तर वही पूर्ण व्हायची वाट न बघता १०८ला फोन करा.